नापास विहीर

हेमचंद्र कर्णिकबरोबर भाजी आणायलासुद्धा जाऊ नये. हॉलंडमधल्या बेस्ट या गावात त्याच्या शेजारच्या घरात मी अर्धं आयुष्य काढलंय, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगते. आठवड्याच्या बाजारात हा टोमॅटोवाल्याला विचारणार, हे फ्रीजबाहेर किती दिवस टिकतील. तो बिचारा काहीतरी सांगणार. मग हा ते टोमॅटो खिडकीत मांडून ठेवणार आणि पुढच्या आठवड्यात जाऊन त्या माणसाला निकाल ऐकवणार. आता आम्ही लांबून दिसलो की टोमॅटोवाला फोनवर बोलायला लागतो.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाचा केटरर ठरवायचं काम एकदा त्याच्याकडे दिलं होतं. रांगेतल्या शेवटच्या माणसाला मसालेभात किती गरम मिळेल, असं त्याने केटररला लेखी विचारलं आणि गणपतीच्या दिवशी थर्मामीटर घेऊन स्वतः रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्या वर्षी आरतीपेक्षा थर्मामीटरचीच चर्चा जास्त झाली. पुढच्या वर्षीपासून त्याच्याकडे फक्त खुर्च्या मांडायचं काम असतं. तेही तो मोजपट्टी घेऊन करतो.

आइंडहोवनजवळ अवाढव्य मशीन्स बनवणाऱ्या एका कारखान्यात तो टेस्टिंगला आहे. मशीन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ते पास की नापास, हे सांगणं त्याचं काम. तिथला नियम असा, की अटी आधी लिहायच्या आणि मगच मशीनला हात लावायचा. चाचणी सुरू झाल्यावर अट बदलायची नाही, मग वरचा साहेब डोक्यावर येऊन उभा राहिला तरी. हा नियम त्याने कारखान्यातून घरी आणला आणि मुलीची सायकल, घराचं छप्पर, डिशवॉशर, सगळ्यांना लावला. माणूस वाईट नाही. मला त्याचा राग येतो, एवढंच.

तर अशा माणसाने वाळवंटात जाऊन राहायचं मनावर घेतलं.

त्याला कारण वीणा. वीणा त्याची बायको आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला संधिवात आहे. हातांच्या बोटांत जास्त. नोव्हेंबर लागला, हवेतली ओल भिंतींतून घरात आली की सकाळी तिची बोटं वळत नाहीत. शर्टाची बटणं लावायला ती खिडकीपाशी उभी राहते, तोंडाने शब्द काढत नाही, आणि आपण त्या वेळी खोलीत असू नये असं तिला वाटतं. औषधं चालू आहेत, डॉक्टरीण बाई चांगल्या आहेत. पण दुखणं जातच नाही, कमी-जास्त होत राहतं.

कोणी मदत केलेली वीणाला खपत नाही. दुखणं नवीन होतं तेव्हाची गोष्ट. तिच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो आणि ती लोणच्याची बरणी काढत होती. मी आपली भाबडेपणाने हात पुढे केला. तिने बरणी छातीशी धरली.

"हात दुखतात, मोडलेले नाहीत," ती म्हणाली. "या घरातली प्रत्येक बरणी अजून मीच उघडते."

आणि उघडली तिने. मी लोणचं वाढून घेतलं आणि पुन्हा कधी हात पुढे केला नाही. पुढे तिच्या दुखण्याचा विषय निघाला की ती तीच बरणी पुढे करायची. इतके काही वाईट नाहीत हात, झाकणं फिरतात माझ्याकडून, बघितलंयस तू.

वीणा मूळची भुसावळची. मधे एकदा भाचीच्या लग्नाला ती भर मे महिन्यात भुसावळला जाऊन आली आणि परतली तेव्हा तिचे हात मोकळे होते. अंगठी सहज निघत होती, सहज जात होती. बेस्टला आल्यावर काही दिवसांत परत पहिले पाढे पंचावन्न. हेमचंद्रने हे टिपून ठेवलं आणि डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोरड्या हवेने हा आजार बरा होतो याला पुरावा नाही, पण काही जणांना बरं वाटतं, आणि वाटत असेल तर वाटू द्यावं. झालं. पुरावा नाही म्हटल्यावर हा गप्प बसणारा माणूसच नव्हे.

भुसावळला परत जाण्यात अर्थ नव्हता. तिथे आता तिचं कोणी उरलेलं नाही आणि मुलगी संहिता इकडे हॉलंडातच, फोरबर्गला. मग त्याला स्पेनच्या दक्षिणेचा अल्मेरिया जिल्हा सापडला. युरोपातलं खरंखुरं वाळवंट असेल तर ते तिथे, असं म्हणतात. तिथे एक बेल्जियन जोडपं माळावरच्या पडक्या घरात राहून आपलं पाणी, आपली वीज, आपली भाजी कशी करतं, याचे व्हिडिओ तो रोज जेवताना बघायला लागला. मी म्हटलं, अरे, ऊनच हवंय ना, समुद्रकाठी एखादा फ्लॅट बघ, चारचौघांसारखा. तर म्हणे समुद्रकाठी हवा दमट, कोरडी हवा डोंगराआड. आणि निवृत्त होऊन फ्लॅटमध्ये मी करू काय? बायको म्हणून वीणाने याला कसं सांभाळलं असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पुन्हा पडला.

त्याने त्याच्या सवयीप्रमाणे अटी लिहिल्या. पाणी बारमाही हवं. तिथे राहायची कायदेशीर परवानगी हवी. रस्ता आणि दवाखाना आवाक्यात हवा. जमिनीत काहीतरी उगवायला हवं. आणि हे सगळं ऑगस्टमध्ये, सगळ्यात वाईट दिवसांत, तिथे राहून तपासायचं. एक अट नापास तर जागा नापास.

पुढची तीन-चार वर्षं त्या अटींनी आम्हा सगळ्यांना पिडलं. प्रत्येक सुट्टीत हा अल्मेरियाला जायचा आणि हात हलवत परत यायचा. एका जागी पाणी होतं तर रस्ता ओढ्यातून. दुसऱ्या जागी रस्ता होता तर घर कागदावर अस्तित्वातच नव्हतं, गोठा म्हणून नोंदलेलं. तिसरीकडे सगळं होतं, फक्त ती जमीन ज्याने दाखवली त्याची नव्हती. जागा दाखवणारा दलाल मार्टाइन हा मूळचा इकडचाच, डच, उन्हाने लालबुंद झालेला आणि कायम आनंदी. विहिरीत पाणी नाही म्हटलं तरी तो "कोम्त खूट" म्हणायचा, म्हणजे होईल सगळं नीट. हेमचंद्र त्याच्यावर उखडायचा. कसं होईल, कधी होईल आणि कोण करेल, असं विचारायचा. मार्टाइन त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा तेच म्हणायचा.

वीणाला यातलं काहीही नको होतं. एकदा गाव सोडून, देश सोडून ती इथे रुजली होती. बेस्टच्या लायब्ररीत नव्याने आलेल्या बायकांना ती डच बोलायला शिकवते, तिथे तिची स्वतःची माणसं आहेत. रस्त्याने चालली तर दर चार घरांनी कोणीतरी तिला हात करतं. पुन्हा एकदा अनोळखी व्हायचं तिच्या जिवावर आलं होतं. संहिताही आईच्या बाजूने. आपण मराठीत विचारावं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यावं, अशी आमची पद्धत आहे. तर ती फोनवर बाबाला म्हणाली, आई मशीन नाहीये. हेमचंद्रने फोन ठेवला आणि संध्याकाळभर भिंतीचं माप घेत बसला. कशासाठी ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी एक जागा कागदावर सगळ्या अटींत बसली. डोंगराआडचं पांढऱ्या जाड भिंतींचं जुनं शेतघर, अंगणात अंजीर, मागे थोडी बदामाची झाडं आणि विहीर. आता फक्त ऑगस्ट उरला होता. घेतली तर बेस्टचं घर विकावं लागणार, हे उघड होतं. तेव्हा वीणाने स्वतःची एक अट घातली. मी येते तुझ्याबरोबर, राहून बघते. पण ही शेवटची जागा. तुझ्याच नियमाने सगळं पास झालं तर मी कुरकुर न करता घर विकायला काढीन. एक जरी नापास झालं, तर वाळवंट हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही. हेमचंद्र म्हणाला, मान्य. त्याच्या नियमात न बसणारं असं तिने काहीच मागितलं नव्हतं.

मला का नेलं, तर हा दिवसभर विहिरीत डोकं घालून बसणार आणि वीणा एकटी पडणार म्हणून. मीही तयार झाले. मला वाटलं होतं, दोन दिवसांत नापास होईल आणि आपण समुद्रावर जाऊ.

आइंडहोवनच्या विमानतळावर आमच्या सामानात प्रेशर कुकर होता, तूरडाळ होती, आणि इंडियन दुकानातून आणलेली लिंबाच्या लोणच्याची नवीकोरी बरणी दोन पिशव्यांत बांधलेली होती. सोबत दोर, वजन, पाण्यातले क्षार मोजायचा मीटर आणि मातीच्या चाचणीचा डबा. सिक्युरिटीच्या माणसाने कुकर उघडून आत बघितलं. आत मीटर होता.

तिथला उन्हाळा मी वर्णन करून सांगणार नाही, आठवला तरी घसा कोरडा पडतो. पहिल्या दोन दिवसांत हेमचंद्रला घामोळं आलं, माझं डोकं चढलं आणि आम्ही दोघं ओल्या टॉवेलखाली आडवे. उभी होती ती वीणा. तिने घर ताब्यात घेतलं. पहाटे कामं उरकायची, ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, प्यायच्या पाण्याच्या मडक्याला ओलं फडकं, दुपारी बाहेर पाऊल टाकायचं नाही, उन्हं कलली की सगळं सताड उघडायचं. तिने हे कोणाला विचारलं नाही, व्हिडिओ बघितला नाही. चपलांमध्ये पाय घालायच्या आधी त्या झटकायच्या, हेही तिनेच आम्हाला शिकवलं आणि एकदा माझ्या चपलेतून खरोखरच विंचू पडला. भुसावळची पोर तिथे पुरती घरच्यासारखी वावरत होती. आणि दर जेवणाला सांगत होती की ही जागा तिला मुळीच आवडलेली नाही.

तिच्या हातांकडे मी बघत होते. अंगठी फिरत होती. कणीक ती स्वतः मळत होती. मी बोलले तसं. ती म्हणाली, सुट्टी आहे ना, सुट्टीत कोणाचे हात दुखतात? लायब्ररी नाही, घर पुसायचं नाही, डोक्याला ताप नाही, महाबळेश्वरला गेलो असतो तरी असेच राहिले असते. तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य. हात काय तिथेही चालतात, बरण्या उघडतेच ना मी.

एका सकाळी हेमचंद्र विहिरीवर गेलेला होता. मी आतल्या खोलीत कपडे घड्या करत होते आणि स्वयंपाकघरातून "टक्क" असा मोठा आवाज आला. मी धावत गेले, म्हटलं काही फुटलं. वीणा ओट्यापाशी लोणच्याची बरणी आणि झाकण घेऊन उभी होती.

"केवढ्यांदा वाजलं," ती म्हणाली. "नवीन बरणी अशी वाजते, विसरलेच होते मी."

झाकण तिने जरा उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून दिलं. मीही परत घड्या करायला गेले.

हेमचंद्र घामाघूम होऊन आला, पाणी प्यायला, आणि टेबलावरची बरणी बघून थांबला. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ही कोणी उघडली? मी म्हटलं, वीणाने. तू हात लावला होतास? नाही. आधी थोडी सैल केली होतीस? मला भयंकर वैताग आला. चाळीस अंशांत, घामाच्या धारा, आणि हा लोणच्याच्या बरणीची उलटतपासणी घेतोय. मी म्हटलं, बाबा रे, तिने उघडली, एकटीने उघडली, आता त्याच्यावरही मीटर लाव. तो तसाच वळला. बाहेरच्या पायरीवर भर उन्हात जाऊन बसला आणि वीणाने दोनदा हाक मारली तरी आत आला नाही.

दुपार कलल्यावर गावातल्या नळावरून पिण्याचं पाणी आणायला आम्ही दोघं गाडीने निघालो, तेव्हा त्याने सांगितलं. दुखणं नवीन होतं तेव्हा वीणाकडून एकदा बरणी उघडली नव्हती. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली होती. ती रडते हेच त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक बरणी, प्रत्येक बाटली तो सामान लावताना आधी उघडतो आणि परत अलगद बंद करतो. तिने वापरून घट्ट लावलेली झाकणंही रोज सकाळी ती उठायच्या आत सैल करून ठेवतो. तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ही बरणी सैल केली असती तर सामानात तेल सांडलं असतं, म्हणून इथे येऊन करू म्हणाला, आणि विहिरीच्या नादात राहून गेलं.

मी गाडी बाजूला घेतली. मला एकाच वेळी त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं. यातलं काहीच मी केलं नाही.

"मग सांग ना तिला," मी म्हटलं. "तुला पुरावा हवा होता ना? मिळाला."

"सांगितलं तर आजवर तिने उघडलेली प्रत्येक बरणी मी तिच्या हातातून काढून घेतो," तो म्हणाला. "तेवढ्यावर ती उभी आहे, साधना."

मी गाडी पुन्हा सुरू केली. नळावर पाणी भरून आम्ही परत आलो.

आणि त्याच दिवसांत पाणी घोटाळा करायला लागलं. आधी डाळ शिजेना. वीणाने कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या, तरी तूरडाळ दाताखाली कचकच. ती म्हणाली, पाणी जड आहे. हेमचंद्रने मीटर बुडवून सांगितलं, झाडांना चालेल, अट झाडांची होती. बरं, म्हटलं, डाळ गावच्या नळाच्या पाण्यात शिजवू. पण पुढे पाणी खालीच जायला लागलं. डोंगरापलीकडे जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, मोठ्या बागा आहेत, तिथले पंप सुरू झाले की आमची विहीर उतरायची आणि सकाळपर्यंत जेमतेम थोडी चढायची. तो दोराला वजन बांधून सोडायचा आणि दोराचं टोक मी धरायचे, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. दर दिवशी दोर थोडा जास्त सोडावा लागायचा. एका सकाळी वजन वर आलं ते चिखलाने माखलेलं. त्याने मार्टाइनला फोन लावला. मार्टाइन म्हणाला, कोम्त खूट. हेमचंद्रने फोन अंजिराखाली भिरकावला आणि मग जाऊन उचलून आणला, पुसला.

विहीर नापास होती. त्याच्या नियमाने, तिच्या अटीने, कशानेही.

त्या दिवशी जेवायला बसलो. वीणाने वाढता वाढता विचारलं, झालं का तुझं मोजून? हेमचंद्र ताटाकडे बघत म्हणाला, पाणी पास.

माझा घास हातातच राहिला. थर्मामीटर घेऊन रांगेत उभा राहणारा हा माणूस, बॉसशी भांडून तयार मशीन परत उघडायला लावणारा, आणि हा आमच्या तोंडावर खोटं बोलत होता. तेही इतकं वाईट, की एखाद्या पोराने ओळखलं असतं. पण वीणाला ओळखता आलं नाही. तिने त्याला आयुष्यात कधी मोजमापात खोटं बोलताना पाहिलेलंच नव्हतं. तिने डाव खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग बेस्टचं घर विकायला काढू. मी शब्द दिलाय."

एवढं बोलून ती जेवायला लागली. लायब्ररीचं नाव नाही, संहिताचं नाव नाही, एक तक्रार नाही. ठरल्याप्रमाणे कुरकुर न करता ती भातात डाळ कालवत होती. हेमचंद्रने दोन घास कसेबसे गिळले आणि हात थांबवला.

"नापास आहे," तो म्हणाला. "विहीर आटतेय. खोटं बोललो मी."

वीणाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाण्याबद्दल तिला काही नव्हतं. का बोललास, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. जागा इतकी प्यारी झाली का तुला? माझं घर माझ्या पायाखालून काढायला निघाला होतास, या मातीच्या ढिगासाठी? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत ताटात. उत्तर त्याच्यापाशी होतं आणि ते त्याला देता येत नव्हतं. मलाही देता येत नव्हतं. मी उठून भांडी घासायला लागले, आणि त्या जड पाण्यात साबणाला फेसही येईना, तेव्हा मला रडूच फुटलं. वाटलं, हे दोघं एकमेकांसाठी इतकं करतात आणि एकमेकांना सांगत काही नाहीत. यांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली पाहिजे.

परतीच्या प्रवासात वीणा माझ्या शेजारी बसली. तो मागच्या रांगेत कुकर मांडीवर घेऊन.

बेस्टला आलो आणि वाळवंट हा शब्द ठरल्याप्रमाणे बंद झाला. बेल्जियन जोडप्याचे व्हिडिओ बंद झाले. हेमचंद्रने मार्टाइनला कळवून टाकलं. वीणा त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. खोटं बोललास ते बोललास, पण का, हे तो सांगत नव्हता, आणि त्यामुळे ते तिच्या मनातून जात नव्हतं. पाऊस सुरू झाला, पानं गळाली, सायकलच्या रस्त्यावर त्यांचा चिखल झाला, आणि वीणा पुन्हा खिडकीपाशी उभी राहून बटणं लावायला लागली. मी दोघांच्या मध्ये जाऊन येऊन थकले. कितीदा शब्द माझ्या ओठावर आला होता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला होते. हेमचंद्र सिंककडे तोंड करून भांडी विसळत होता. मी पापड भाजत होते. वीणाने कपाटातून लोणच्याची नवी बरणी काढली. तीच कंपनी, तेच लिंबाचं लोणचं, तीच बरणी. तिच्या बोटांची पेरं त्या दिवशी सुजलेली होती. तिने झाकणावर हात ठेवला, फिरवलं, आणि झाकण आवाज न करता, लोण्यातून सुरी जावी तसं निघालं.

मी काहीतरी बोलत होते. ती ऐकत नाही हे लक्षात आलं तेव्हा थांबले. वीणा झाकण हातात घेऊन उभी होती. तिने ते परत लावलं, परत काढलं. काही वाजलं नाही. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मग कपाट उघडलं आणि मागच्या बाजूची टोमॅटो सॉसची नवी बरणी काढली, तिचं झाकण फिरवलं. तेही निमूट निघालं. मग जॅमची. हेमचंद्रला पाठीमागे काय चाललंय हे कळलं असणार, कारण त्याने नळ बंद केला होता आणि तो वळत नव्हता. पापड माझ्या हातात जळला.

वीणाने त्याच्या पाठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बरणी फेकणार. ती रागावली असती तरी मी तिला दोष दिला नसता. तिने तिन्ही झाकणं एकेक करून लावली, घट्ट नाही, नुसती टेकवल्यासारखी, आणि बरण्या परत कपाटात ठेवल्या. खुर्ची ओढून बसली.

"हेम," ती म्हणाली, "त्या जिल्ह्यात विहीर काय ती एकच आहे?"

तो वळला. हात ओले, चेहरा पडलेला. असा गोंधळलेला हेमचंद्र मी पाहिला नव्हता.

"एक नापास तर विषय बंद," तो म्हणाला. "ठरलं होतं. चाचणी झाल्यावर अट बदलत नाहीत."

"तुझ्या अटी तू बदलू नकोस," वीणा म्हणाली. "ही माझी होती. फोन लाव त्या मार्टाइनला."

फोन कपाटावर होता. त्याच्या ओल्या हातातून तो दोनदा निसटला, तेव्हा वीणाने उठून नंबर लावून दिला.